सायकलस्वाराच्या कमरेचे पिस्तूल

एकट्याने सायकलवरून लांबच्या प्रवासास निघालेल्या माणसाने स्वसंरक्षणासाठी जवळ पिस्तूल बाळगावे काय, हा प्रश्न अमेरिकेत आज गांभीर्याने चर्चिला जातो. कोणते पिस्तूल वजनाला हलके, ते कमरेला बांधावे की हॅण्डलला लावलेल्या पिशवीत ठेवावे, घामाने ते गंजू नये म्हणून काय करावे, अशा तपशिलापर्यंत ही चर्चा पोचलेली आहे. आपल्याकडील वाचकाला याचे प्रथम हसू येईल. आपल्या कल्पनेतील सायकलस्वार म्हणजे डबा अडकवून गिरणीत जाणारा कामगार, दुधाच्या किटल्या लटकावलेला गवळी, किंवा शाळेला निघालेली मुलगी. त्यांच्या कमरेला पिस्तूल शोभत नाही. परंतु हसून सोडून द्यावा असा हा प्रश्न नाही. स्त्रीवरील एखाद्या अत्याचाराची बातमी येते, दलित वस्तीवरील हल्ल्याची बातमी येते, आणि दोनच दिवसांत आपल्याच सभांतून, आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून मागणी ऐकू येते की सरकार संरक्षण देत नसेल तर आम्हाला शस्त्रे द्या. या मागणीमागचा संताप खरा आहे. मात्र तिचा मार्ग जेथे जाऊन पोचतो ते ठिकाण पाहायचे असेल, तर अमेरिकेतील त्या सायकलस्वाराकडे पाहिले पाहिजे.

सायकल आणि पिस्तूल यांची जोडी नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सायकलची लाट आली तेव्हा गॅलां नावाच्या फ्रेंच शस्त्रनिर्मात्याने ‘व्हेलो-डॉग’ नावाचे छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. नावातच त्याचे प्रयोजन आहे: सायकलच्या मागे लागणाऱ्या कुत्र्यांचा बंदोबस्त. कुत्रा मरू नये अशी इच्छा असणाऱ्या दयाळू गिऱ्हाइकांसाठी तिखटाची पूड किंवा मेण भरलेली काडतुसेही मिळत. त्याच सुमारास, १८९४ साली, बॉस्टनहून सायकलवरून जगप्रवासाला निघालेल्या ॲनी लंडनडेरी या बाईंनी बरोबर मोत्याच्या शिंपल्याच्या मुठीचे रिव्हॉल्व्हर घेतले होते असे सांगतात. म्हणजे सायकलने सामान्य माणसाला, विशेषतः स्त्रीला, मोकळा रस्ता दाखविला आणि त्याच क्षणी बाजाराने त्या मोकळ्या रस्त्याची भीती विकायला काढली. पुढे युरोपात काय घडले? गावोगावी कुत्र्यांचा बंदोबस्त झाला, रस्ते सुधारले, सायकलस्वारांची संख्या वाढली आणि ‘व्हेलो-डॉग’ संग्रहालयात जाऊन बसले. कुत्र्यांचा प्रश्न रिव्हॉल्व्हरने सोडविला नाही, तो नगरपालिकांनी सोडविला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा धडा अमेरिका विसरली आहे, एवढेच.

आता अमेरिकी सायकलस्वाराला खरी भीती कशाची आहे ते पाहू. २०२३ या एका वर्षात त्या देशात अकराशेहून अधिक सायकलस्वार रस्त्यावर मृत्युमुखी पडले. ते दरोडेखोराच्या गोळीने मेले नाहीत, मोटारींच्या धडकेने मेले. पाठीमागून साठ मैलांच्या वेगाने येणाऱ्या अवजड मोटारीपुढे पिस्तुलाचा उपयोग काय? रस्त्याला वेगळी सायकलवाट नाही, मोटारीच्या वेगावर बंधन नाही, मोटारी वर्षागणिक अधिक उंच आणि अधिक अवजड होत आहेत, आणि तरीही सायकलस्वाराच्या मनात भीती उभी राहते ती झुडपाआड दडलेल्या अनोळखी माणसाची. ही भीतीची अदलाबदल आपोआप होत नसते.

अरण्यातून जाणाऱ्याला अस्वलाचे भय असते, त्याला तरी बंदूक हवीच, असेही सांगितले जाते. या विषयाचा ज्यांनी शास्त्रीय अभ्यास केला त्यांचा निष्कर्ष ऐकण्यासारखा आहे. अलास्कातील प्रसंगांची छाननी करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मिरचीच्या अर्काचा फवारा दहापैकी सुमारे नऊ प्रसंगी अस्वलाला परतवून लावतो असे आढळले. त्याच संशोधकांनी २०१२ साली बंदुकीचा असाच हिशेब मांडला. तेव्हा ज्यांनी बंदूक वापरली आणि ज्यांनी जवळ असूनही वापरली नाही, त्यांना झालेल्या इजांत लक्षणीय फरक दिसला नाही. अस्वल चालून आले असता नेम धरायला जी स्वस्थता लागते ती माणसाजवळ नसते. दोन्ही हात हॅण्डलवर असलेल्या, धापा टाकणाऱ्या सायकलस्वाराजवळ ती कोठून यावी?

मग ही मागणी येते कोठून? अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने मागणीचा उगम शोधताना पुरवठादाराच्या दारात जावे लागते. १९९९ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत बंदूक बाळगणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी शिकार हे मुख्य कारण सांगितले होते. संरक्षण हे कारण सांगणारे चौथा हिस्साच होते. २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के मालकांनी संरक्षण हे मोठे कारण असल्याचे सांगितले. दोन्ही पाहण्यांतील प्रश्नाची शब्दरचना अगदी एक नाही. परंतु वारा कोणत्या दिशेने वाहतो हे त्यावरून कळते. आणि गंमत अशी की १९९३ ते २०१९ या काळात अमेरिकेतील हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण निम्म्यावर आले होते. गुन्हे घटत होते आणि भीती वाढत होती. शिकारीला एक बंदूक पिढ्यान्‌पिढ्या पुरते आणि शिकारी तर कमी होत चाललेले. भीतीला मात्र अंत नसतो. घरासाठी एक, मोटारीसाठी एक, पत्नीसाठी एक आणि आता सायकलसाठी एक. नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी बंदुका, म्हणजे दर शंभर माणसांमागे १२० बंदुका, असा अंदाज २०१८ साली जिनिव्हाच्या एका संशोधनसंस्थेने मांडला. माणसांहून अधिक बंदुका असलेला तो जगातील एकमेव देश आहे. बंदुकांनी सुरक्षितता येत असती तर पृथ्वीवरील सर्वांत निर्भय माणूस तेथे नांदता.

या बाजाराला कायद्याने कसे जोपासले तेही पाहण्यासारखे आहे. १९९६ साली तेथील संसदेने आरोग्यखात्याच्या रोगनियंत्रण केंद्राच्या निधीवर अशी अट घातली की बंदुकांपासून होणाऱ्या इजांचे संशोधन दोन दशके जवळजवळ थंडावले. २००५ साली कायदा करून शस्त्रनिर्मात्यांना, त्यांच्या मालाच्या गुन्हेगारी वापराबद्दलच्या बहुतेक दाव्यांपासून संरक्षण दिले. सदोष मोटार विकणारा कारखानदार न्यायालयात खेचला जातो, शस्त्रविक्रेत्याला मात्र हे खास कवच. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने, १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत घरी पिस्तूल बाळगण्याचा वैयक्तिक हक्क अभिप्रेत आहे असे ठरविले. २०२२ साली त्याच न्यायालयाने न्यू यॉर्क राज्याचा शतकाहून जुना निर्बंध रद्द करून हा हक्क घराबाहेर, रस्त्यावर आणला. आज तेथील निम्म्याहून अधिक राज्यांत छुपे पिस्तूल बाळगण्यास परवानाही लागत नाही. सायकलस्वाराच्या कमरेला पिस्तूल आले ते या क्रमाने.

माझा एक जुना विद्यार्थी ओहायो राज्यात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी सायकलवरून दूरवर जातो. त्याने मला पत्रातून जो युक्तिवाद कळविला तो या पक्षाचा सर्वांत सरळ युक्तिवाद आहे. “सर, शंभर फेऱ्यांत गरज पडणार नाही हे मलाही कळते. परंतु एकदा पडली तर? पिस्तूल म्हणजे माझा विमा आहे.” विम्याची ही उपमा तेथे सर्वतोमुखी आहे आणि ती मुळातच चुकीची आहे. मी माझ्या घराचा आगीचा विमा उतरविला म्हणून शेजाऱ्याच्या घराला आग लागण्याचा संभव वाढत नाही. पिस्तुलाचे तसे नाही. त्याचा हप्ता इतरांना भरावा लागतो. ते चोरीला जाते, मुलाच्या हाती लागते, घरातील भांडणात बाहेर निघते, निराशेच्या रात्री स्वतःवरच रोखले जाते. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४७ हजार माणसे मेली. त्यांतील सुमारे २७ हजार आत्महत्या होत्या. स्वसंरक्षणासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूने झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू मालकाने किंवा घरच्याने स्वतःच ओढवून घेतलेले असतील, तर त्या वस्तूला विमा म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. ज्या व्यवहाराचा लाभ एकाचा आणि खर्च इतरांचा, तो बाजारावर सोपविला की त्याचे प्रमाण समाजाला परवडणाऱ्या मर्यादेपलीकडे जाते. कारखान्याचा धूर हे त्याचे पाठ्यपुस्तकातील उदाहरण. कमरेचे पिस्तूल हे दुसरे. त्यात आणखी एक भर पडते. एकाजवळ पिस्तूल आहे असे कळले की दुसऱ्याला ते घ्यावेसे वाटते. दोघांनीही घेतले की पूर्वीइतकीच असुरक्षितता उरते. फक्त आता क्षुल्लक वादाचा शेवट प्रेताने होतो. राष्ट्राराष्ट्रांमधील शस्त्रस्पर्धेला आपण आजवर विरोध करीत आलो. तीच स्पर्धा दोन शेजाऱ्यांमध्ये, दोन वाटसरूंमध्ये सुरू झाली म्हणजे तिला स्वातंत्र्य म्हणायचे काय?

या जागी बंदुकीचे कैवारी आमच्याच शास्त्रातील एक साक्षीदार उभा करतात. जॉन लॉट या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ साली एक ग्रंथ लिहून, नागरिकांना पिस्तूल बाळगण्याची मोकळीक दिली की गुन्हे घटतात असे आकडेमोडीने दाखविण्याचा प्रयत्न केला. ग्रंथ गाजला, विधिमंडळांतून त्याचे दाखले दिले गेले. परंतु २००४ साली अमेरिकेच्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने उपलब्ध पुरावा तपासून, असा निष्कर्ष काढण्यास तो पुरेसा नाही असे सांगितले. पुढे स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असे कायदे करणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे, ते कायदे नसते तर जेवढे झाले असते त्याहून, १३ ते १५ टक्क्यांनी अधिक असल्याचे अनुमान काढले. पहिल्या ग्रंथाचा डंका वाजला, दुसऱ्या अभ्यासाचा वाजला नाही. ज्या निष्कर्षामागे गिऱ्हाईक उभे असते त्याचाच डंका वाजतो.

आतापर्यंत आपण सायकलस्वार म्हणजे कोणीही एक माणूस असे धरून चाललो. परंतु समाजवाद्याने ‘कोणीही एक माणूस’ या अमूर्तावर थांबू नये. पिस्तूल कोणाच्या कमरेला आहे यावर ते स्वसंरक्षण ठरते की गुन्हा, हे ठरत असते. १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण, कायद्याने मुभा होती म्हणून, उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले. तत्काळ त्या राज्याने उघड्यावर भरलेली बंदूक बाळगण्यास बंदी करणारा कायदा केला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, जे पुढे बंदूकवाल्यांचे लाडके अध्यक्ष झाले. २०१६ साली मिनेसोटा राज्यात पोलिसांनी मोटार अडविली तेव्हा एका कृष्णवर्णीय माणसाने, आपल्याजवळ पिस्तूल आहे, असे स्वतःहून सांगितले. पिस्तूल परवान्याचे होते. पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या आणि पुढील वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. २०२० च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस परगण्यात शेरीफच्या शिपायांनी एका कृष्णवर्णीय तरुणाला सायकल चालविण्यातील नियमभंगावरून हटकले. तो पळाला, झटापट झाली, त्याच्याजवळचे पिस्तूल जमिनीवर पडले आणि शिपायांच्या गोळ्यांनी तो जागीच मेला. सायकल आणि पिस्तूल एकत्र बाळगण्याच्या हक्कावर रकानेच्या रकाने भरणाऱ्यांनी या सायकलस्वारासाठी किती अश्रू ढाळले?

त्याच वर्षी, फेब्रुवारी महिन्यात, जॉर्जिया राज्यात भर दुपारी धावण्याचा व्यायाम करीत असलेल्या एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाचा तिघा गौरवर्णीयांनी मोटारींतून पाठलाग केला आणि त्यांच्यातील एकाने त्याला गोळी घातली. हा चोर असावा असा आपला संशय होता आणि गोळी स्वसंरक्षणार्थ झाडली, असा त्यांचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळून तिघांनाही दोषी ठरविले, हे खरे. परंतु घटना घडल्यानंतर दोन महिन्यांहून अधिक काळ कोणालाही अटक झाली नव्हती, हेही तितकेच खरे. रस्त्यावर एकट्याने जाणाऱ्या माणसाला धोका कोणापासून होता? ‘स्वसंरक्षणासाठी’ सशस्त्र झालेल्यांपासून होता. विषम समाजात शस्त्र समानता आणीत नाही. आधीच असलेली विषमता ते नेमकेपणाने लागू करते.

आता आपल्याकडे वळू, कारण प्रतिपक्षाचा खरा भक्कम मुद्दा येथेच आहे. काही मित्र म्हणतात, शस्त्रबंदी हा इंग्रजांचा वारसा आहे. १८७८ चा लिटनशाहीचा हत्यार कायदा आपण कशासाठी मिरवायचा? मुद्दा ऐतिहासिकदृष्ट्या बिनतोड आहे. त्या कायद्यावर गांधीजींनीही १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात कठोर टीका केली होती, आणि अमेरिकेतील बंदूकवाले आज ती टीका संदर्भापासून तोडून मिरवितात. १९३१ च्या कराची काँग्रेसने मंजूर केलेल्या मूलभूत हक्कांत, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. हे कामत पुढे प्रजा समाजवादी पक्षातर्फे लोकसभेत गेले, म्हणजे आपल्याच परंपरेतील. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. व्यक्तीच्या हक्कापेक्षा, राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र धरण्याच्या नागरिकाच्या कर्तव्यावर त्यांनी बोट ठेवले आणि दुरुस्ती फेटाळली गेली.

या वादात आंबेडकरांचे बरोबर होते असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि त्याने कामतांचा मोठेपणा कमी होत नाही. परकी सत्तेने एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र केले तेव्हा शस्त्राचा हक्क मागणे म्हणजे राष्ट्राचा स्वाभिमान मागणे होते. स्वराज्यात, जेथे जमीन, जात आणि पैसा यांची वाटणी कमालीची विषम आहे तेथे, तोच हक्क मागणे म्हणजे ज्याच्याजवळ जमीन त्याच्याच हाती बंदूक देणे होय. हा केवळ तर्क नव्हे. १ डिसेंबर १९९७ रोजी बिहारमधील लक्ष्मणपूर बाथे या गावी रणवीर सेनेने ५८ दलितांची कत्तल केली. ती जमीनदारांची खाजगी सेना होती आणि तिलाही आपण ‘संरक्षण’च करीत आहोत असे वाटत होते. मेलेल्यांत स्त्रिया आणि लहान मुले होती. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने, खालच्या न्यायालयात शिक्षा झालेल्या सर्व २६ जणांना सोडून दिले. बंदुकीची गावात मोकळीक असली की ती कोणाच्या माडीवर जाते आणि कोणाच्या झोपडीवर रोखली जाते, हे या देशातील भूमिहीनाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

“मग त्याने मार खात राहायचे काय?” असा प्रश्न येथे कोणी विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. उत्तर स्पष्ट आहे: नाही. अंगावर येणाऱ्याचा प्रतिकार करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत तो होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कलमे ३४ ते ४४ मध्ये तो आहे. हाताला लागेल त्या वस्तूने जीव वाचविणाऱ्या स्त्रीला कोणी अहिंसेचे प्रवचन देऊ नये. परंतु प्रतिकाराचा हक्क ही एक गोष्ट आणि सदासर्वकाळ प्राणघातक शस्त्र बाळगून हिंडण्याचा हक्क ही दुसरी. पहिला दुर्बलाच्या उपयोगी पडतो. दुसरा ज्याला परवडेल त्याच्या.

‘परवडेल त्याच्या’ हे शब्द मोजून वापरले आहेत. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर देश हादरला, आणि २०१४ च्या आरंभी कानपूरच्या सरकारी शस्त्रनिर्माण कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत सुमारे सव्वा लाख रुपये, बरोबर दागिन्यांच्या पेटीसारखी पेटी. सव्वा लाख रुपये! पहाटे चारला कामावर निघणारी सफाई कामगार, रात्रपाळीहून परतणारी परिचारिका, ऊसतोडणीच्या तळावर उघड्यावर झोपणारी मजूर स्त्री, यांतील कोण ते घेणार होती? देशाने मागितले होते रस्त्यावर दिवे, वेळेवर बस, तक्रार लिहून घेणारा पोलीस आणि लवकर निकाल देणारे न्यायालय. सरकारी कारखान्याने उत्तरादाखल विक्रीची वस्तू पुढे केली. नागरिकाचे गिऱ्हाईक करण्याची याहून निर्लज्ज तऱ्हा क्वचितच पाहावयास मिळेल.

ही वृत्ती त्या एका वस्तूपुरती राहिली नाही. छत्तीसगडमध्ये सरकारने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका देऊन आदिवासींच्याच विरुद्ध उभे केले. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरविली. तरीही २०२५ च्या मे महिन्यात आसामच्या मंत्रिमंडळाने, ‘संवेदनशील व दुर्गम’ भागांतील मूळ रहिवाशांना शस्त्रपरवाने उदार हाताने देण्याचा निर्णय घेतला. कोण मूळ आणि कोण उपरा, हाच जेथे धगधगता वाद आहे, तेथे एका बाजूच्या हाती बंदूक देणे म्हणजे शासनाने शासन करण्याचे काम सोडून देणे होय. आपापले रक्षण करा, असे सांगणाऱ्या सरकारला कर कशासाठी द्यायचा, हा प्रश्न मग नागरिकाने विचारला पाहिजे.

मग सायकलस्वाराचे रक्षण कशाने होते? त्याचेही पुरावे आहेत आणि ते आपल्याच देशात आहेत. तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत सायकल शिकणे हाही साक्षरतेचा भाग मानला गेला आणि हजारो ग्रामीण स्त्रिया सायकलवर बसल्या. टोमणे मारणारे होते; परंतु रस्त्यावर एक बाई असेल तर टोमणा मारता येतो, पाचशे बायका असतील तर टोमणे मारणाराच एकटा पडतो. ज्या बिहारमध्ये लक्ष्मणपूर बाथे घडले त्याच बिहारने २००६ साली नववीतील मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यास प्रारंभ केला. या योजनेच्या अभ्यासात, मुलींच्या माध्यमिक शाळाप्रवेशात ३२ टक्क्यांची वाढ झाल्याचे आणि मुलामुलींमधील अंतर ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे अर्थशास्त्रज्ञांना आढळले. घोळक्याने निघालेल्या गणवेशातील मुलींनी रस्ता आपलासा केला. एका ‘निर्भीक’च्या किमतीत, आजच्या भावानेही, अशा कितीतरी सायकली येतील.

रस्त्यांच्या अभ्यासकांनी हेच तत्त्व आकड्यांत मांडले आहे. ज्या गावी सायकलस्वार अधिक, तेथे प्रत्येक सायकलस्वाराला धोका कमी, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक शहरे व देश यांच्या तुलनेने दाखविले गेले. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेथील आईबापांनी शस्त्रे विकत घेतली नाहीत, मोठ्या मोटारीही घेतल्या नाहीत. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी घोषणा देत ते रस्त्यावर बसले, नगरसभांना घेराव घातले आणि वेगळ्या सायकलवाटा, वेगमर्यादा, मुलांना खेळता येईल असे रस्ते मिळवून घेतले. आज त्या देशातील रस्ताबळींची वार्षिक संख्या सातशेच्या आसपास आहे आणि माणसांहून सायकली अधिक आहेत. एका देशात माणसांहून बंदुका अधिक, दुसऱ्या देशात माणसांहून सायकली अधिक. दोन्ही देश श्रीमंत आहेत, दोन्ही भांडवलशाही आहेत. फरक पडला तो तेथील लोकांनी भीतीचे उत्तर दुकानात शोधले की नगरसभेत, यामुळे.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी एवढेच लिहिले की तू ज्या वाटेने सायकल चालवितोस ती वाट कोणी बांधली, याचा विचार कर. सिनसिनाटीपासून क्लीव्हलँडपर्यंत जाणारा तो सुमारे ३२६ मैलांचा मार्ग बऱ्याच अंशी जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या पट्ट्यांवर, सार्वजनिक पैशांतून आणि स्वयंसेवकांच्या श्रमांतून तयार झाला. तुला मोटारींपासून दूर ठेवून जे खरे संरक्षण रोज मिळते, ते त्या वाटेने दिलेले आहे. तुझ्या कमरेच्या पिस्तुलाने अद्याप काही दिलेले नाही.

आपल्या कार्यकर्त्यांना सांगावयाचे ते याहून वेगळे नाही. ‘शस्त्र द्या’ ही मागणी ऐकायला जहाल आहे, पण ती सरकारला अत्यंत सोयीची आहे. परवान्याच्या कागदावर शिक्का मारला की सरकार मोकळे होते. रस्त्यावर दिवा लावायचा तर वीज, खांब, माणूस आणि दरवर्षीची तरतूद लागते. म्हणून जी मागणी सरकारला महाग पडते तीच आपण लावून धरली पाहिजे. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील, आपल्या प्रभागातील अंधारे रस्ते मोजावेत. शेवटची बस किती वाजता सुटते आणि स्त्रियांची पाळी किती वाजता सुटते हे एका कागदावर शेजारी शेजारी लिहावे. घटना कोणत्याही हद्दीत घडली तरी तक्रार नोंदवून घेण्यास नकार देणाऱ्या ठाण्यापुढे धरणे धरावे. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात उड्डाणपुलाला किती आणि पायवाट-सायकलवाटेला किती, हा प्रश्न दरवर्षी विचारावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात टाळ्या मिळत नाहीत. परंतु मुलगी संध्याकाळी शिकवणीहून सायकलवर एकटी परत येते आणि घरात कोणी घड्याळाकडे पाहत बसत नाही, अशी वस्ती याच कामातून उभी राहते. ज्या समाजात तिला घरी पोचण्यासाठी पिस्तूल लागते, त्या समाजाने तिला पिस्तूल देऊन आपले कर्तव्य पार पडले असे मानू नये.